जबरदस्तीने व्यसन सुटते का?

शाबान महिन्यातली रविवारची दुपार. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत आम्ही घरी बसलो होतो. दार वाजले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई आली होती. बसल्या बसल्या तिने पर्समधून एक कार्ड काढले आणि आमच्या पुढ्यात ठेवले. कार्डावर एका व्यसनमुक्ती केंद्राचे नाव, दोन मोबाइल नंबर आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ होती : फोन करा, आमची गाडी घरी येईल.

"टीचर, फोन करू का?" ती म्हणाली. "रमजान तोंडावर आलाय. तो घरात असा पडलेला असताना आम्ही इफ्तार कशी करायची?"

मुलगा २६ वर्षांचा आहे, टेम्पो चालवतो. रोज संध्याकाळी देशी दारू पितो, हात थरथरायला लागले की सकाळीही. नाव आम्ही लिहीत नाही. गाव लहान आहे. ही गोष्ट लिहू का, असे आम्ही त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "लिहा, टीचर, फक्त नाव नको."

त्या आईला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण पाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या एका आईने विचारला होता, आणि तेव्हा आम्ही फार लवकर उत्तर दिले होते.

तो मुलगा वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. दारू प्यायचा आणि त्याच्या जोडीला झोपेच्या गोळ्याही खायचा. आईने विचारले, "त्याला उचलून नेतात म्हणे, पाठवू का?" आम्ही म्हणालो, "पाठवा, त्याच्या भल्यासाठीच आहे." रात्री दोन वाजता गाडी आली. चार माणसे घरात शिरली. मुलगा झोपेत होता. त्याचे हात आईच्याच ओढणीने बांधले आणि गल्लीतून नेले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. तीन महिने त्याला ठेवले. फोन नाही, भेट नाही. फी भरण्यासाठी आईने बांगड्या विकल्या. तिथे डॉक्टर रोज येत नव्हता, हे पुढे कळले. गोळ्या आणि दारू दोन्ही एकदम बंद झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तेव्हा तोंडात चमचा घालून त्याला धरून ठेवले, एवढाच काय तो उपचार.

तीन महिन्यांनी तो घरी आला. अंगाने भरला होता, डोळे स्वच्छ होते. आईने मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला. विसाव्या दिवशी तो पिऊन आला. आई रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, मी सोडली नव्हती. तुम्ही बंद केली होती."

आज तो दुसऱ्या शहरात असतो. आईला फोन करत नाही. ती माउली आम्हाला दोष देत नाही, पण आम्ही आमचा हिशेब विसरलेलो नाही. म्हणून या महिन्याचे पान याच प्रश्नाला दिले आहे.

दोनच वाटा असतात का?

आपल्या घरांत व्यसनाबद्दल दोनच वाटा माहीत असतात. पहिली, सहन करायचे : पडदे ओढून घ्यायचे, पाहुण्यांना "तब्येत बरी नाही" म्हणून सांगायचे, उधारी फेडत राहायचे. दुसरी, सहन होईनासे झाले की उचलून कोंडायचे. या दोन वाटांच्या मधे बरेच काही आहे. ते कोणी सांगतच नाही.

दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० माणसांत एकाला, असे त्यात आहे. म्हणजे बाकीच्या घरांत डॉक्टरला दाखवणे हा विचारसुद्धा कृतीत उतरलेला नाही. आधी वर्षानुवर्षे काहीच नाही, आणि मग एका रात्री एकदम गाडी!

यात शरीराची बाजू समजून घेतली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांचेही तसेच. मालेगावात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम याच जातीची. बरेच दिवस घेतलेली अशी गोळी एका दिवसात तोडायची नसते. डॉक्टर तिचे प्रमाण हळूहळू उतरवत नेतात. त्यामुळे "चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरेल" हा सल्ला देणाऱ्याला आपण काय सांगतो आहोत याची कल्पना नसते. पाच वर्षांपूर्वी आम्हालाही नव्हती.

कायदा काय म्हणतो

घरातल्या मोठ्यांना वाटते, मुलगा आपला, पैसे आपले, मग त्याला कुठे ठेवायचे हे आपण ठरवू. कायदा तसे म्हणत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार त्यात धरलेले आहेत. उपचार घ्यायचा की नाही, कोणता घ्यायचा, हे समजून ठरवण्याची शक्ती माणसाकडे आहे असे हा कायदा धरून चालतो. जो स्वतः दाखल झाला, त्याला स्वतःच्या इच्छेने घरी जाता येते. काही धोका वाटला तर तपासणीसाठी डॉक्टर त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात.

त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची सोयही कायद्यात आहे, पण ती अटींसह. माणूस स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालत असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तरच. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला वेगवेगळे तपासलेले असले पाहिजे. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे ठेवायचे तर पुन्हा वेगळी तपासणी आणि मंडळाची मंजुरी लागते. आणि साखळीने बांधणे तर कोणत्याही परिस्थितीत मना आहे. रात्री दोन वाजता आलेल्या त्या चार जणांत डॉक्टर कोण होता, हे आम्ही तेव्हा विचारायला हवे होते.

गांजा, चरस, ब्राउन शुगर यांच्यासाठी १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे. तो कडक म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातही एक कलम आहे, ६४-अ. सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणात पदार्थ सापडल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला त्या खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. कलम ३९ मध्ये अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते, तेही त्याची संमती घेऊन. एवढा कडक कायदासुद्धा माणसाचे "हो" मागतो. आपण घरच्या घरी ते मागत नाही.

चहातून दिलेली पुडी

जबरदस्तीचा आणखी एक प्रकार आपल्या घरांत चालतो आणि त्याला कोणी जबरदस्ती म्हणत नाही. विजेच्या खांबांवर जाहिराती चिकटवलेल्या असतात : रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. आणि बायको किंवा आई ती पुडी चहात, डाळीत मिसळते. पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरॅम नावाचे खरे औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली तर तोंड लाल होते, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे, जो ते स्वतःच्या हाताने घेतो, त्याला त्याचा धाक उपयोगी पडतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पितो, आणि मग प्रसंग जिवावर येतो. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. भगिनींनो, तुमचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण असली पुडी कोणाच्याही सांगण्यावरून घरात आणू नका.

कसम

आता आपल्या समाजातली एक गोष्ट. मुलगा पितो हे कळले की चार मोठे बसतात, त्याला गुसल करून बोलावतात आणि कुरआनवर हात ठेवून कसम घ्यायला लावतात. तो घेतो. त्या क्षणी मनापासूनच घेतो. आठ-दहा दिवसांनी हात कापायला लागतात आणि कसम मोडते. त्यानंतर तो काय करतो? मशिदीत जाणे बंद करतो. जुम्मालासुद्धा बाजूच्या गल्लीतून जातो. आधी त्याच्यापाशी फक्त व्यसन होते, आता त्याच्याबरोबर आपण अल्लाहची कसम मोडली हा बोजाही आहे. आणि तो बोजा विसरायला तो पुन्हा तिकडेच वळतो. आमच्या टेम्पोवाल्याकडून घरच्यांनी अशी कसम तीनदा घेतली होती.

आम्ही आलिम नाही, मुलांना मराठी शिकवणारी मास्तरीण आहोत. पण दारूबंदीचा हुकूम एका दिवसात उतरला नाही, हे मदरशात जाणारे पोरही सांगेल. आधी तिच्यातले नुकसान फायद्यापेक्षा मोठे आहे हे सांगितले गेले. मग नशेत नमाजपासून दूर राहण्यास सांगितले गेले, म्हणजे पिण्याच्या वेळा आपोआप कमी झाल्या. आणि शेवटी पूर्ण मनाई आली. याचा अर्थ हरामला सवलत द्या असा कोणी काढू नये. जे हराम ते हरामच. पण माणसाची सवय कशी सुटते हे ज्याने माणूस घडवला त्याला ठाऊक होते, एवढा बोध त्यातून आम्ही घेतो. तीन पायऱ्यांचे काम आपण एका कसमेत उरकायला बघतो.

अमेरिकेतला एक खटला

धर्माच्या नावाने सक्ती केली की काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., सुरू झाली. दारू सोडू पाहणारी माणसे एकत्र बसतात, आपापली कहाणी सांगतात, बारा पायऱ्यांनी पुढे जातात. फी नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. लाखो माणसांना तिचा आधार मिळाला. आपल्याकडेही अनेक शहरांत तिच्या मीटिंगा होतात. या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो.

पुढे तिथली कोर्टे आणि तुरुंग गुन्हेगारांना हुकूम करून या मीटिंगांना पाठवू लागले. हवाई बेटांवरचा एक बौद्ध माणूस पॅरोलवर सुटला होता. हा कार्यक्रम माझ्या धर्मात बसत नाही, म्हणून त्याने त्यात भाग घ्यायला नकार दिला. त्याचा पॅरोल रद्द होण्यामागे ते एक कारण ठरले. त्याने दावा लावला. तो चालू असताना तो वारला, मुलाने दावा पुढे चालवला. २००७ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला : धार्मिक पाया असलेल्या कार्यक्रमात सरकारने कोणाला सक्तीने बसवू नये. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टाने १९९६ मध्येच अशा प्रकारचा निकाल दिलेला होता. ए.ए. वाईट आहे, असे या निकालांत नाही. ज्या संस्थेची एकमेव अट इच्छा ही आहे, तिच्या दारात माणसाला हुकमाने आणून उभे करणे चुकीचे, एवढाच मुद्दा.

आणि तिथे पर्यायही उभे राहिले. दारू सोडणाऱ्या बायकांसाठी १९७५ मध्ये 'विमेन फॉर सोब्रायटी' निघाली. धर्माचा संबंध न ठेवता विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारी 'स्मार्ट रिकव्हरी' १९९४ मध्ये आली. आपल्या वाचकांना विशेष वाटेल असे म्हणजे, १९८९ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या मुसलमानांनी 'मिल्लती इस्लामी' नावाने आपला गट सुरू केला आणि त्याच बारा पायऱ्या इस्लामी श्रद्धेच्या भाषेत मांडल्या. कोणी या दाराने गेला, कोणी त्या. ज्याला आपल्या पायाने आत जाता येईल असे दार मिळाले, तो टिकण्याची आशा जास्त.

"नशेतल्या माणसाला कसली निवड?"

हा प्रश्न वाचक विचारणार, आणि तो रास्त आहे. फिट येत असेल, भास होत असतील, जीव देण्याची भाषा असेल, हातात चाकू असेल, तेव्हा चर्चा करत बसायचे नाही. दवाखाना गाठायचा. त्यासाठीच कायद्यात सोय ठेवली आहे. सक्तीने नेलेल्यांपैकी काही जण पुढे खरेच सुधारतात आणि "तेव्हा नेलेत म्हणून वाचलो" म्हणतात, हेही आम्ही ऐकले आहे. ते खोटे नाही. पण बरेच जण बाहेर येऊन आधी घरच्यांवरचा राग काढतात आणि मग पितात. त्यात त्यांच्या शरीराची सवय मोडलेली असते. ब्राउन शुगरसारख्या नशेत काही महिने खंड पडल्यावर जुन्याच मात्रेने पुन्हा घेतले तर जीव जातो. सक्तीने सुटलेल्याच्या बाबतीत हा धोका घरच्यांनी लक्षात ठेवायलाच हवा.

आणि निवड ही फक्त पिणाऱ्याची नसते. घरातल्या बाईचीही असते. नवरा मारहाण करत असेल तर त्याची इच्छा जागी होईपर्यंत तिने मार खात थांबायचे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिने मुलांना घेऊन माहेरी जावे, पोलिसांकडे जावे. दारूची उधारी फेडणार नाही, नशेत घरी आलास तर जेवण वाढेन पण भांडणार नाही आणि पैसे देणार नाही, ही घराची हद्द आहे. हद्द आपल्यासाठी आखायची असते. त्याला कोंडणे वेगळे, आणि आपण त्याच्या व्यसनाला हातभार न लावणे वेगळे.

घरच्यांनी काय केले तर माणूस उपचाराला तयार होतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात झाला. १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उपचाराला नकार देणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातेवाइकांना तीन गटांत वेगवेगळे मार्गदर्शन दिले. एका गटाला सांगितले, तुम्ही त्याला बदलू शकत नाही, स्वतःला सांभाळा. दुसऱ्याला शिकवले, सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवा आणि उपचारासाठी भाग पाडा. तिसऱ्याला शिकवले, तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी चांगले वागा, बोला, त्याच्याबरोबर बसा. पिऊन आला की बाजूला व्हा. त्याच्या पिण्याचे परिणाम तुम्ही निस्तरू नका. आणि योग्य वेळ साधून उपचाराचे विचारा. पहिल्या गटात १३ टक्के माणसे उपचाराला आली, दुसऱ्यात ३० टक्के, तिसऱ्यात ६४ टक्के. आपण घरात नेमके उलटे करतो. पिऊन आला की रात्री बारा वाजता त्याला शहाणपण शिकवतो, आणि सकाळी शुद्धीवर आला की तोंड फिरवतो.

त्या रविवारी

आता पुन्हा त्या कार्डाकडे. आम्ही त्या आईला म्हणालो, "भाभी, फोन करू नका असे मी म्हणत नाही. आठ दिवस थांबा. त्याला कोणी विचारले आहे का, त्याला काय हवे आहे ते?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्याला काय विचारायचं, टीचर? विचारण्यासारखा राहिलाय का तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही गेलो. सकाळची वेळ मुद्दाम निवडली होती. तो अंगणात बसला होता, हातातला चहाचा कप हलत होता. आम्ही दारूचा विषय काढला नाही. टेम्पोचे विचारले, त्याच्या लहान मुलीचे विचारले. मग विचारले, "यंदा रोजे धरायचे आहेत का?" त्याने मान खाली घातली. "धरायचे आहेत, टीचर. पण दुपारपर्यंत हात असे होतात की स्टेअरिंग धरवत नाही. मागच्या वर्षी तिसऱ्या रोजाला चक्कर येऊन पडलो. लोकांना वाटलं, रोजा लागला."

त्याला काय हवे होते हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडले. आम्ही त्याच्यापुढे जेवढे पर्याय माहीत होते तेवढे ठेवले. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे बाहेरून औषध घेता येते, दाखल व्हावेच लागते असे नाही. दाखल व्हायचे असेल तर नोंदणी असलेली, डॉक्टर असलेली केंद्रे आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, अनिल आणि अनिता अवचट यांनी ते उभे केले. ए.ए.ची मीटिंग आहे. कोणाला तोंड दाखवायचे नसेल तर फोन आहे : नशामुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानसची १४४१६. "यातले काय करायचे ते तू ठरव. काहीच नाही करायचे तर तेही सांग." तो म्हणाला, "कोंडणार नसाल तर डॉक्टरकडे येतो."

रमजानला अठरा दिवस बाकी होते. डॉक्टरांनी त्याची तपासणी केली, रक्त तपासले. दारू उतरवताना फिट येऊ नये म्हणून काही दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि त्या आईच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या. ब-१ जीवनसत्त्व दिले. पुढे तल्लफ कमी करणारी गोळी सुरू केली आणि ती सहरीच्या वेळी घ्यायची असे ठरले. टेम्पो आठ दिवस चालवायचा नाही, हे त्याने मान्य केले. डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार आवडली. ते म्हणाले, "मधेच प्यायलास तर लपवू नकोस, दुसऱ्या दिवशी इथे ये. मी ओरडणार नाही."

अकराव्या दिवशी चुलतभावाच्या लग्नात तो प्यायला. घरात पुन्हा रडारड झाली. आईने ते कार्ड पुन्हा बाहेर काढले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाला न सांगता एस.टी.ने एकटाच जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि केसपेपर काढून रांगेत उभा राहिला. संध्याकाळी आईने आम्हाला फोन केला. "टीचर, तो स्वतः गेला," एवढेच ती दोनदा म्हणाली.

त्या रमजानमध्ये त्याने २२ रोजे धरले. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाला खूण केली आहे. बाकीचे कझा आहेत. तरावीहला मागच्या सफमध्ये उभा असायचा; इमाम साहेबांना आम्ही आधीच विनंती केली होती की त्याला काही विचारू नका, फक्त सलाम करा. ईदनंतर तो दोनदा घसरला आहे. दोन्ही वेळा आपणहून परत गेला. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. सगळे नीट झाले असे आम्ही लिहिणार नाही.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी केंद्राला फोन करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. केंद्राची सरकारी नोंदणी आहे का? डॉक्टर कोण आणि किती वेळा येतात? घरच्यांना भेटता, बोलता येते का? मुलाला न सांगता उचलून नेणार आहात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" आले तर फोन खाली ठेवा. आणि पाचवा प्रश्न आपल्या माणसाला विचारा, सकाळच्या वेळी, शुद्धीत असताना, चहाचा कप हातात देऊन : तुला काय हवे आहे?

पाच वर्षांपूर्वी त्या वेल्डरला हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. या ईदला आम्ही त्याला सलामचा निरोप पाठवला, माफीही मागितली. उत्तर अजून आलेले नाही. आम्ही वाट पाहतो आहोत.